एकवीस वर्षांनी पुन्हा बोलू लागलेला रिपीटर

१/
२१ जून २००२ रोजी इंग्लंडमधील एका ज्येष्ठ हौशी रेडिओचालकाला १४५.९७ मेगाहर्ट्झच्या आसपास मोर्स लिपीतील संथ संकेत ऐकू आले. संकेतांची ठेवण १९७० च्या दशकातील होती. कक्षेचा हिशेब मांडल्यावर उलगडा झाला : हा आवाज ऑस्कर-७ या उपग्रहाचा होता. आणि ऑस्कर-७ तर १९८१ च्या मध्यातच बंद पडला होता. हौशी मंडळींनी स्वतः जुळवलेल्या या रिपीटरच्या जगण्या-मरण्याचा हा इतिहास.
#धागा #विज्ञानाचा_इतिहास

२/
प्रथम थोडी पार्श्वभूमी. हौशी रेडिओचालक, म्हणजेच ‘हॅम’, हे परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवतात आणि ठरवून दिलेल्या लहरींवर एकमेकांशी बोलतात. व्यापाराला तेथे मज्जाव असतो. भारतीय चालकाचे ओळखचिन्ह ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होते. यंत्र स्वतः बांधावे आणि बिघडले तर स्वतःच दुरुस्त करावे, ही या मंडळींची जुनी रीत.

३/
अडचण अशी की १४५ मेगाहर्ट्झसारख्या उच्च वारंवारतेच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संवाद तुटतो. उपायही त्या डोंगरातूनच निघाला. माथ्यावर एक यंत्र ठेवायचे. एका वारंवारतेवर आलेला क्षीण आवाज त्याने ऐकायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जोरकसपणे पुन्हा सोडायचा. हाच रिपीटर. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील डोंगरांवर हौशींचे असे रिपीटर उभे राहू लागले. डोंगर जितका उंच, तितका पल्ला मोठा. याच कॅलिफोर्नियात काही जणांच्या मनात पुढचा विचार आला : सर्वांत उंच डोंगर कोणता?

४/
उत्तर होते, पृथ्वीची कक्षा. स्पुटनिकला जेमतेम चार वर्षे झाली असताना, १२ डिसेंबर १९६१ रोजी ऑस्कर-१ अवकाशात गेला. ‘हौशी रेडिओ वाहून नेणारा उपग्रह’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून हे नाव पडले. वजन सुमारे साडेचार किलो. रॉकेटपासून त्याला अलग ढकलणारी स्प्रिंग सिअर्सच्या दुकानातून १ डॉलर १५ सेंटना आणली होती. अवकाशस्पर्धेवर अमेरिका आणि सोव्हिएत संघ अब्जावधी उधळत असताना हा तपशील इतिहासाच्या अभ्यासकाला सुखावून जातो.

५/
यातील विसंगती मात्र पुढेच आहे. ऑस्कर-१ ज्या रॉकेटवरून गेला, त्यावरचा मुख्य उपग्रह होता डिस्कव्हरर-३६. ‘डिस्कव्हरर’ हे वैज्ञानिक प्रयोगांचे नाव केवळ आवरण होते. आत होता कोरोना प्रकल्पाचा हेरगिरी करणारा कॅमेरा. ही गोष्ट अधिकृतपणे उघड झाली १९९५ मध्ये. जगातील सर्वांत मोकळे, कोणीही ऐकावे असे प्रक्षेपण हे त्या काळातील एका अत्यंत गुप्त यंत्राच्या शेजारी बसून कक्षेत गेले होते.

६/
ऑस्कर-१ अजून रिपीटर नव्हता. तो फक्त मोर्स लिपीत ‘एचआय’ ही दोन अक्षरे पाठवी : चार टिंबे, मग दोन टिंबे. हौशींच्या बोलीत हे हसू समजले जाते. त्याची शक्ती होती वॅटच्या सातव्या हिश्श्याएवढी. उपग्रहाच्या आतील तापमानानुसार या हास्याचा वेग बदले. घड्याळ घेऊन अक्षरे मोजली की अवकाशातील तापमान कळे, इतके साधे उपकरण. २८ देशांतील ५७० हून अधिक हौशींनी आपल्या नोंदी कळवल्या. सुमारे तीन आठवड्यांनी त्याचे संकेत थांबले आणि पुढे उपग्रह वातावरणात शिरून जळाला.

७/
खरा रिपीटर उडाला ९ मार्च १९६५ रोजी. ऑस्कर-३ अठरा दिवस चालला आणि सुमारे हजार हौशींनी त्यातून संवाद साधला. त्याच वर्षाच्या डिसेंबरातील ऑस्कर-४ चुकीच्या कक्षेत अडकला. तरीही उपग्रहामार्फत अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांतील पहिला थेट दुतर्फी संपर्क त्यातूनच झाला. शीतयुद्धाच्या ऐन भरात दोन्हीकडच्या सामान्य नागरिकांनी परस्परांशी बोलावे, यासाठी कोणत्याही करारावर सह्या झालेल्या नव्हत्या.

८/
मार्च १९६९ मध्ये वॉशिंग्टन येथे ‘ॲम्सॅट’ ही संस्था स्थापन झाली आणि कामाचे स्वरूप बदलले. उपग्रह काही दिवस नव्हे, काही वर्षे टिकावा असे ध्येय ठरले. त्यासाठी सौर पॅनेल, पुन्हा भरता येणारी बॅटरी आणि जमिनीवरून आज्ञा स्वीकारणारी यंत्रणा हवी होती. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सुटलेला ऑस्कर-६ हा या विचाराचा पहिला उपग्रह. साडेचार वर्षे चालून जून १९७७ मध्ये तो थांबला. कारण, बॅटरी. हा शब्द ध्यानात असू द्यावा.

९/
येथे थांबून रिपीटरचा एक महत्त्वाचा भेद समजून घ्यायला हवा. पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. डोंगरावरचा नेहमीचा एफएम रिपीटर एका वेळी एकाचेच ऐकतो. ऑस्करमधील यंत्र ‘रेषीय ट्रान्सपॉन्डर’ होते. ते एखादा आवाज उचलत नाही. वारंवारतांचा एक संपूर्ण पट्टाच जसाच्या तसा उचलून दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवते. त्या पट्ट्यात दहा जण बोलत असोत की तीस, मोर्स असो की आवाज, सारे एकत्र वर जाते आणि एकत्र खाली येते.

१०/
पण शक्ती एकच असते. खाली पाठवण्यासाठी उपग्रहाजवळ जे काही थोडे वॅट आहेत, ते वर येणाऱ्या संकेतांच्या प्रमाणात वाटले जातात. एखाद्याने दांडगा ॲम्प्लिफायर लावून गर्जना केली, तर यंत्र आपली जवळजवळ सगळी शक्ती त्याच्यावर खर्च करते आणि बाकीच्यांचे आवाज बुडून जातात. गावच्या पाटावर वरच्या शेतकऱ्याने मोठे दार फोडावे आणि खालच्यांची शेते कोरडी राहावीत, तसाच हा प्रकार. हौशींच्या बोलीत अशा माणसाला ‘मगर’ म्हणतात : तोंड मोठे, कान बारीक.

११/
आता ऑस्कर-७. नावाला तो अमेरिकी उपग्रह. प्रत्यक्षात त्याचे अवयव अनेक देशांतून आले. आज्ञा उलगडणारा भाग ऑस्ट्रेलियन हौशींनी केला, ४३५.१ मेगाहर्ट्झचा बीकन कॅनडातून आला, दोनपैकी एक ट्रान्सपॉन्डर पश्चिम जर्मनीतून. प्रकल्पाची सूत्रे जॅन किंग यांच्याकडे होती. हे सर्व जण नोकरीधंदा सांभाळून हे काम करत होते. वजन २८.९ किलो, आठ बाजूंचा आकार, उंची हातभरापेक्षा कमी.

१२/
त्यातील एक ट्रान्सपॉन्डर १४५ मेगाहर्ट्झवर ऐकून २९ मेगाहर्ट्झवर बोले. जर्मन ट्रान्सपॉन्डर ४३२ वर ऐकून १४५ वर बोले. हा दुसरा घडवला कार्ल माइन्त्सर यांनी. त्यांच्यापुढचा प्रश्न कठीण होता. रेषीय ॲम्प्लिफायर स्वभावतः उधळे असतात. बॅटरीतून घेतलेल्या शक्तीचा मोठा वाटा उष्णता होऊन वाया जातो. सौर पॅनेलवर जगणाऱ्या यंत्राला ही चैन परवडणारी नव्हती. माइन्त्सर यांनी संकेताची उंची आणि त्याची लय हे दोन भाग वेगळे करून हाताळण्याची युक्ती वापरली आणि त्या शक्तीत बरीच बचत साधली.

१३/
या जर्मन यंत्राची आणखी एक खुबी : ते पट्टा उलटा करून सोडे. वरच्या टोकाला बोललेले खालच्या टोकाला येई. हा विचित्रपणा हेतुपुरस्सर होता. उपग्रह सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असल्याने डॉप्लर परिणामामुळे वारंवारता सरकते. ४३२ मेगाहर्ट्झवर हे सरकणे आठ किलोहर्ट्झपर्यंत जाते. पट्टा उलटा केला की जातानाचे सरकणे आणि येतानाचे सरकणे परस्परांना अंशतः खोडून काढतात. एकही जादा सुटा भाग न लावता मिळालेली ही सोय.

१४/
याच उपग्रहात मायक्रोवेव्हचाही एक तुकडा आहे, आणि त्याची कथा चटका लावणारी आहे. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो मायक्रोवेव्ह सोसायटीच्या सभासदांनी २३०४.१ मेगाहर्ट्झचा एक छोटा बीकन बांधून दिला. शक्ती वॅटचा दहावा भाग. त्या काळी या वारंवारतेची उपकरणे बाजारात तयार मिळत नव्हती. पितळी पोकळ्या स्वतः कापायच्या, केसभर लांबी चुकली की सूर ढळतो, अशी ती कारागिरी. बीकन तयार झाला, तपासला गेला, बसवला गेला. मग आंतरराष्ट्रीय नियम आडवे आले : त्या वारंवारतेवर हौशी उपग्रहाला बोलण्याची मुभा नव्हती. तो बीकन अवकाशात गेला आणि एकदाही सुरू केला गेला नाही.

१५/
१५ नोव्हेंबर १९७४ रोजी व्हँडेनबर्ग येथून डेल्टा रॉकेटवर ऑस्कर-७ निघाला. सोबतीला एनओएए-४ हा हवामान उपग्रह आणि स्पेनचा इंटासॅट. कक्षा सुमारे १४५० किलोमीटर उंचीवर, एक फेरी ११५ मिनिटांची. इतक्या उंचीवरून एका वेळी जवळपास आठ हजार किलोमीटर अंतरावरचे दोघे परस्परांशी बोलू शकत. एका फेरीत हाती लागणारा वेळ फार तर वीस-बावीस मिनिटे.

१६/
ऑस्कर-६ तेव्हा जिवंतच होता. त्यामुळे जानेवारी १९७५ मध्ये एक अनोखी घटना घडली. जमिनीवरून ४३२ मेगाहर्ट्झवर पाठवलेला संकेत ऑस्कर-७ ने १४५ वर सोडला. तो ऑस्कर-६ ने ऐकला आणि २९ वर पृथ्वीकडे पाठवला. दोन उपग्रहांनी परस्परांत निरोप फिरवण्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

१७/
या दोन उपग्रहांचा दुसरा उपयोग अधिक दूरगामी ठरला. विमान कोसळले की त्यातील संकटप्रेषक ओरडत राहतो. पण तो नेमका कोठे आहे हे कसे कळावे? कॅनडातील संशोधकांनी ऑस्करमधून येणाऱ्या संकेताचे डॉप्लर सरकणे मोजून प्रेषकाचा ठिकाणा काढता येतो, हे दाखवले. पुढे १९७९ मध्ये अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी कोस्पास-सारसॅट ही शोध-बचाव यंत्रणा उभारण्याचे ठरवले. सप्टेंबर १९८२ मध्ये तिच्या मदतीने ब्रिटिश कोलंबियातील विमान अपघातग्रस्तांची पहिली सुटका झाली. या यंत्रणेच्या सरकारी इतिहासात हौशींचा उल्लेख ओळीभराचा असतो. तो परिच्छेदाचा असायला हरकत नव्हती.

१८/
दरम्यान, दैनंदिन प्रश्न होता तो बॅटरी सांभाळण्याचा. उपग्रह आपली प्रकृती मोर्समध्येच सांगे : तीन-तीन अंकांचे २४ आकडे, सहा ओळींत मांडलेले. पहिला अंक ओळीचा, उरलेले दोन मापाचे. कागद-पेन्सिल घेऊन आकडे उतरवायचे आणि सूत्रात घालून व्होल्टेज, प्रवाह, तापमान काढायचे. असे आकडे जगभरातून टपालाने जमा होत. हजार किलोमीटरांवरच्या यंत्राचे निदान करणारे हे ‘वैद्य’ शिक्षक होते, अभियंते होते, निवृत्त नाविकही होते. यंत्राला हात लावण्याची सोय नव्हती. नाडी तेवढी पाहता येत होती.

१९/
पथ्यही ठरले होते. काही दिवस प्रयोगांसाठी राखलेले, सोमवार अल्पशक्तीच्या प्रेषणासाठी. स्वतःचा आवाज उपग्रहाच्या बीकनपेक्षा मोठा ऐकू येऊ लागला की शक्ती कमी करायची, हा सर्वमान्य दंडक. तो मोडणाऱ्याला शिक्षा करणारे कोणी नव्हते. मगरी होत्याच. त्यांच्याविषयीच्या तक्रारींनी त्या काळचे हौशी अंक भरलेले असत.

२०/
१९८१ च्या मध्यात ऑस्कर-७ थांबला. निकेल-कॅडमियम बॅटरीचे सेल वारंवार भरून-रिकामे होऊन झिजतात आणि अखेरीस आतून शॉर्ट होतात. तसेच झाले. शॉर्ट झालेली बॅटरी म्हणजे बुडाला भोक पडलेला रांजण : सौर पॅनेल ऊन पडताच वीज ओतत राहिले, पण ती सगळी त्या भोकातून वाहून गेली. ट्रान्सपॉन्डर धड होते, बीकन धड होते, पॅनेलही धड होते. त्यांच्यापर्यंत व्होल्टेजच पोहोचत नव्हते. साडेसहा वर्षांची सेवा पुरेशी होती. मंडळींनी निरोप घेतला आणि पुढच्या उपग्रहांकडे वळली.

२१/
आणि मग २००२. जॅन किंग यांच्यासह जुन्या जाणकारांनी केलेले निदान असे : शॉर्ट झालेल्या सेलपैकी निदान एक कुजून पूर्णपणे तुटला. विद्युतमार्ग उघडा पडला. रांजणच नाहीसा झाल्यावर भोकही उरले नाही. आता सौर पॅनेलची वीज थेट ट्रान्सपॉन्डरला मिळू लागली. बिघाड आणखी पुढे गेला, म्हणून यंत्र दुरुस्त झाले. यंत्रदुरुस्तीच्या इतिहासात असे उदाहरण क्वचितच सापडेल. त्याचे श्रेय मात्र १९७४ च्या बांधणीलाही द्यायला हवे, कारण एकवीस वर्षे मरणप्राय थंडी-उष्णता आणि किरणोत्सर्ग सोसूनही बाकीचे भाग शाबूत राहिले होते.

२२/
या दुसऱ्या जन्माचे नियम वेगळे आहेत. बॅटरी नसल्याने उपग्रह उन्हात जागा आणि सावलीत मृत. पृथ्वीच्या छायेतून बाहेर पडला की दर वेळी नव्याने सुरू होतो. तेव्हा दोनपैकी कोणता ट्रान्सपॉन्डर उघडेल याचा नेम नाही. वर्षातील ज्या काळात कक्षेवर सतत ऊन असते, तेव्हा मात्र आतले जुने २४ तासांचे घड्याळ चालू राहते आणि दिवसाआड मार्ग बदलते. मोर्समधील आकडे अजूनही येतात. पण मोजमापाचा संदर्भच बिघडल्याने त्यांतील बहुतेकांवर विश्वास ठेवता येत नाही. जुन्या वैद्यांना नाडी लागते, अर्थ लागत नाही.

२३/
सर्वांत मोठा फरक संयमाच्या बाबतीत पडला. पूर्वी एखाद्या मगरीने गर्जना केली तर बॅटरी तो धक्का सोसून घेई. आता धक्का थेट यंत्रावर. कोणी जादा शक्ती लावली की पॅनेलचे व्होल्टेज कोसळते, पट्ट्यातील सगळ्यांचे सूर एकदमच डळमळू लागतात, आणि प्रसंगी उपग्रह बंद पडून पुन्हा सुरू होतो. एकाच्या हावेचा परिणाम त्याच सेकंदाला सर्वांना, खुद्द त्या हावऱ्यालाही, कानांनी ऐकू येतो. अशा अवस्थेतही हा उपग्रह चालत राहिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या प्रक्षेपणाला पन्नास वर्षे पूर्ण झाली.

२४/
भारताचा या परंपरेतील वाटा ५ मे २००५ चा. श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ वर कार्टोसॅट-१ बरोबर हॅमसॅट गेला. वजन ४२.५ किलो, त्यात दोन ट्रान्सपॉन्डर. एक भारतीय हौशींनी इस्रोच्या साह्याने घडवलेला, दुसरा नेदरलँड्समधील एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने बांधलेला. जुलै २०१४ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळ, तो चालला आणि अखेर लिथियम-आयन बॅटरीनेच दगा दिला. जून २०१६ मध्ये पुण्याच्या सीओईपीतील विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ गेला : एक किलोहूनही हलका, हौशींचे निरोप साठवून पुढे पोहोचवण्यासाठी. त्याची कहाणी एका वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

२५/
राहिला तो मायक्रोवेव्हचा न सुटलेला धागा. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी, ऑस्कर-७ च्या प्रक्षेपणाला बरोबर ४४ वर्षे होत असताना, कतारचा एस’हेल-२ हा दूरचित्रवाणी उपग्रह भूस्थिर कक्षेत जायला निघाला. त्यात हौशींसाठी दोन ट्रान्सपॉन्डर आहेत : ऐकणे २४०० मेगाहर्ट्झवर, बोलणे १०,४८९ मेगाहर्ट्झच्या आसपास. ज्या मायक्रोवेव्हच्या प्रदेशात १९७४ चा बीकन मुका राहिला, तेथून आज ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचे लोक दिवसरात्र बोलतात. मुंबईहून पाहिले तर हा उपग्रह पश्चिमेला, क्षितिजापासून तीस-पस्तीस अंशांवर आहे.

२६/
येथेही दुरुस्तीची जुनी सवय कामी आली. १० गिगाहर्ट्झचे यंत्र विकत घ्यायला गेले तर महाग. पण घरच्या डिश टीव्हीच्या तबकडीसमोरचा एलएनबी त्याच वारंवारतांवर ऐकतो. फक्त त्यातील स्वस्त स्फटिक ऊन-सावलीने सूर बदलतो आणि ऐकू येणारा आवाज काही मिनिटांत कित्येक किलोहर्ट्झ सरकतो. टीव्हीला त्याने बिघडत नाही. हौशीच्या अरुंद पट्ट्यात संवादच हरवतो. तेव्हा मंडळींनी एलएनबी उघडले, आतला २५ मेगाहर्ट्झचा स्फटिक काढला आणि त्या जागी जीपीएसच्या वेळेला बांधलेला स्थिर संकेत बाहेरून दिला.

२७/
मगरींचाही बंदोबस्त झाला. जर्मन हौशींनी ‘लैला’ नावाची यंत्रणा चालवली आहे; ‘शक्तिमर्यादा-दर्शक’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दांचे ते लघुरूप. एखाद्याचा संकेत बीकनपेक्षा प्रबळ झाला की ती त्याच्याच वारंवारतेवर भोंग्यासारखा आवाज सोडते. बोलणाऱ्याने शक्ती कमी केली की भोंगा थांबतो. तोवर त्याच्या बोलण्यातले काही कोणाला समजत नाही.